माफ करण्याचा हक्क कोणाकडे? मूक विनोदपटांतील नवरा, बायको आणि लफडी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मूकपटांच्या काळातील विनोदी चित्रपटांत नवऱ्याचा बाहेरख्यालीपणा हसण्यावारी नेला जातो, बायकोचे पाऊल वाकडे पडले की मात्र आकाश कोसळते, तेव्हा हे चित्रपट दुटप्पी समाजाचे केवळ वाहक होते, की त्या दुटप्पीपणाची टिंगलही करत होते? आणि सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी?

दोन्ही प्रकारचे चित्रपट आहेत, हे पहिले उत्तर. पण एवढ्यावर भागत नाही, कारण कोणता चित्रपट कोणत्या बाजूला आहे हे ओळखण्याची एक बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे आणि ती सहसा आपण शोधतो तिथे नसते. लफडे कोणी केले हे पाहून फारसे हाती लागत नाही. मूक विनोदपटांतल्या बायकाही नवऱ्यांच्या बरोबरीने नजर चुकवून उद्योग करतात. पाहायचे ते हे, की सगळे उघडकीला आल्यावर क्षमा करण्याचा अधिकार कोणाच्या हातात जातो. फिल्म सोसायटीच्या खेळांनंतर चर्चा घेताना मी वर्षानुवर्षे हाच प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवत आलो आहे आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा हसलेला प्रसंग त्यांना दुसऱ्यांदा वेगळा दिसतो.

सुरुवात करायची ती माणसांपासून नव्हे, किड्यांपासून करावी. 1912 साली मॉस्कोतल्या खानझोन्कोव्ह कंपनीसाठी व्लादिस्लाव स्टारेविच याने 'कॅमेरामनचा सूड' हा जेमतेम 12-13 मिनिटांचा चित्रपट केला. स्टारेविच पोलिश कुटुंबातला, कौनासमध्ये वाढलेला आणि कीटकांचा नादिष्ट. जिवंत भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता, कारण दिवे लागले की ते निशाचर प्राणी निपचित पडत. मग त्याने मेलेले किडे घेतले, त्यांचे पाय तारेने आणि मेणाने पुन्हा बसवले आणि एकेक फ्रेम टिपत त्यांना हलते केले. ही युक्ती इतकी बेमालूम होती की परदेशात काही लोकांना हे शिकवून तयार केलेले खरे किडेच वाटले.

गोष्ट अशी. भुंगेऱ्यांचे एक सुखवस्तू जोडपे आहे. नवऱ्याला 'कामानिमित्त' वरचेवर शहरात जावे लागते आणि ते काम म्हणजे एका नाइटक्लबमधली नर्तकी. ही नर्तकी चतुर, म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा लांब शेपटीचा तो किडा. तिच्यावर एका नाकतोड्याचाही जीव जडलेला असतो. भुंगेरा त्याला ढकलून देतो आणि तिला घेऊन हॉटेलात जातो. नाकतोडा निघतो व्यवसायाने कॅमेरामन. सायकलवर कॅमेरा आणि तिवई लादून तो पाठलाग करतो आणि हॉटेलच्या खोलीच्या कुलपाच्या भोकातून आतला सगळा प्रकार चित्रित करतो. इकडे घरी बायकोही रिकामी बसलेली नाही. तिचा मित्र एक चित्रकार आहे, तो चित्र घेऊन येतो आणि दोघांचे प्रेमप्रकरण रंगात येते. तेवढ्यात नवरा दारात उभा राहतो. चित्रकार धुराड्याच्या वाटेने पळ काढू पाहतो, नवरा त्या चित्राची मोडतोड करतो आणि बायकोला बडवून काढतो.

या जागी जरा थांबून पाहावे. नुकताच हॉटेलातून आलेला हा गृहस्थ आता अपमानित पतीच्या भूमिकेत इतक्या सहजतेने शिरतो की त्याला स्वतःलाही त्यात काही विसंगत वाटत नाही. कवचाच्या आत माणसासारखा चेहरा नाही, बोलके डोळे नाहीत, ओठ नाहीत. आहेत फक्त वर उगारलेले दोन पुढचे पाय. तरीही तो संताप आपण लगेच ओळखतो, कारण त्या काळच्या गंभीर कौटुंबिक चित्रपटांतला फसवला गेलेला नवरा नेमका असाच हात उगारतो. स्टारेविचने तो अभिनय जसाच्या तसा उचलून भुंगेऱ्याच्या अंगावर चढवला आहे आणि तिथेच त्यातली सगळी प्रतिष्ठा गळून पडते.

पण खरी मेख पुढे आहे. बडवून झाल्यावर नवरा मोठ्या मनाने बायकोला क्षमा करतो आणि समेट म्हणून तिला सिनेमाला घेऊन जातो. प्रोजेक्टरमागे नाकतोडा उभा असतो आणि पडद्यावर हॉटेलची ती खोली उलगडू लागते. बायको छत्रीने नवऱ्याला झोडपते, तो पडदा फाडून पलीकडे जातो, मारामारीत प्रोजेक्टर पेटतो (त्या काळच्या ज्वालाग्राही नायट्रेटच्या फितीला पेटायला फार निमित्त लागत नसे) आणि अखेरीस दोघे एकाच कोठडीत येतात. नवऱ्याने जी क्षमा केली, ती करण्याचा त्याला काडीचा हक्क नव्हता, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. बायकोला ते कळण्यासाठी मात्र कॅमेरा लागतो. कोठडीतला शेवटही कमालीचा नेमका आहे. शिक्षा दोघांना सारखी होते आणि ती दोघांपैकी कोणाच्याही लफड्याबद्दल होत नाही, चित्रपटगृहात घातलेल्या गोंधळाबद्दल होते.

इथे पुराव्याला इतके महत्त्व का, हे समजायला त्या काळचे कायदे थोडे पाहावे लागतात. झारशाहीच्या रशियात घटस्फोट चर्चच्या न्यायासनापुढे जाई आणि व्यभिचार सिद्ध करायला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागत. साहजिकच भाडोत्री साक्षीदारांचा धंदा चाले. कुलपाच्या भोकाला लावलेला कॅमेरा हा त्या बाजारातला न विकला जाणारा साक्षीदार होय. इंग्लंडमध्ये 1857 च्या कायद्यानुसार नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता 1923 मध्ये दूर झाली, म्हणजे मूकपटांच्या ऐन भराच्या काळात. न्यूयॉर्क राज्यात 1966 च्या सुधारणेपर्यंत व्यभिचार हे घटस्फोटाचे जवळपास एकमेव कारण होते, त्यामुळे हॉटेलची खोली, खाजगी गुप्तहेर आणि अचानक उघडणारे दार ही विनोदी लेखकांची लहर नव्हती, वकिलांची रोजची सामग्री होती. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेतील कलम 497 ने व्यभिचाराच्या तक्रारीचा हक्क परस्त्रीच्या नवऱ्याला दिला होता. स्वतःच्या नवऱ्याच्या लफड्याविरुद्ध या कलमाखाली बायकोला दाद मागता येत नसे आणि हे कलम 2018 पर्यंत टिकले. 'माफ कोण करू शकतो' हा प्रश्न केवळ मनाच्या मोठेपणाचा नव्हता, तो कायद्याने आधीच वाटून दिलेला होता.

हाच प्रश्न अमेरिकेत सर्वांत धारदारपणे मांडला तो विनोदी नट चार्ली चेसच्या 'माइटी लाइक अ मूस' या 1926 च्या दोन रिळांच्या चित्रपटाने. दिग्दर्शक लिओ मॅकेरी, निर्माता हॅल रोच. नवऱ्याचे दात पुढे आलेले, बायकोचे (व्हिव्हियन ओकलंड) नाक भले मोठे. दोघेही एकमेकांना न सांगता शस्त्रक्रिया करून घेतात, नव्या चेहऱ्यांनिशी बाहेर भेटतात, ओळखत नाहीत, एकमेकांवर भाळतात आणि आपापल्या जोडीदाराला फसवून एकत्र पार्टीला जातात. दोघांचा गुन्हा तंतोतंत एकच आहे, तराजूत घातला तर मासाभरही फरक पडू नये. आणि तरीही, ती बाई म्हणजे आपलीच बायको हे आधी नवऱ्याच्या लक्षात येताच तो काय करतो? ओशाळत नाही, हसून सोडून देत नाही. तो तिला धडा शिकवायला निघतो. जुने पुढे आलेले दात पुन्हा लावून तो 'नवरा' होतो, काढून 'प्रियकर' होतो, आणि दाराआड, खुर्चीमागे वेष बदलत स्वतःचीच स्वतःशी मारामारी लावतो. बायको भेदरून पाहत राहते.

हा प्रसंग कारागिरी म्हणून थक्क करणारा आहे. चेस एका बाजूने फ्रेममधून बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूने दुसरा माणूस होऊन परततो. पण मला त्याहून मोलाची वाटते ती त्यामागची बोच: एकच शरीर, एकच दुपार, आणि दात लावले की न्यायाधीश, दात काढले की आरोपी. अखेर त्याची लबाडी उघड होते आणि त्याचे न्यायासन कोसळते. 2007 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, हा चित्रपट घेतला गेला, ते योग्यच झाले.

आता उलट बाजू. हॉलीवूडचा दिग्दर्शक सेसिल बी. डिमिलचे लग्नावरचे चित्रपट आपल्या काळी धाडसी समजले जात, पण या कसोटीला ते चक्क नापास होतात. 1919 चा 'डोन्ट चेंज युवर हजबंड' आणि 1920 चा 'व्हाय चेंज युवर वाइफ?' यांची शीर्षकेच शेजारी ठेवून पाहावीत: बायकांना आज्ञा, पुरुषांना नम्र विचारणा. पहिल्यात ग्लोरिया स्वान्सनने रंगवलेली बायको कांदे खाणाऱ्या, ढेरी सुटलेल्या नवऱ्याला कंटाळून दुसऱ्याशी लग्न करते. तो अधिकच नादान निघतो आणि ती सुधारलेल्या पहिल्याकडे परतते. दुसऱ्यात पुन्हा स्वान्सनच, पण यावेळी चष्मा लावणारी, नवऱ्याच्या दारूवर आणि नाचाच्या तबकड्यांवर नाक मुरडणारी. नवरा बीबी डॅनियल्सने रंगवलेल्या तरुणीच्या मागे लागतो आणि त्याचा दोष बायकोच्या रुक्षपणावर येतो. घटस्फोटानंतर कापडाच्या दुकानात आडोशापलीकडून आपल्याबद्दलची कुजबूज तिच्या कानी पडते आणि ती तिथल्या तिथे भडक कपड्यांची मागणी नोंदवते. मग नवऱ्याला ती पुन्हा आवडू लागते. इथे क्षमेचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण नवऱ्याने काही चुकीचे केले आहे असे चित्रपटाला वाटतच नाही. बायको नवरा सोडते ती तिची चूक, नवरा बायको सोडतो तीही तिचीच चूक. कपडेपट मात्र अप्रतिम आहे, हे मान्य करावे लागेल.

या सगळ्याला वेगळीच पातळी दिली ती अर्न्स्ट लुबिचने. तो 1922 च्या अखेरीस जर्मनीहून अमेरिकेत आला, चॅप्लिनचा 1923 चा 'अ वुमन ऑफ पॅरिस' पाहून प्रभावित झाला आणि 1924 मध्ये वॉर्नर कंपनीसाठी त्याने 'द मॅरेज सर्कल' केला. चॅप्लिनचा चित्रपट विनोदपट नाही, पण त्यातली एक क्लृप्ती पुढच्या सगळ्यांनी गिरवली: नायिकेच्या कपाटाचा खण उघडताना आतून पुरुषाची कॉलर जमिनीवर पडते आणि समोर बसलेल्या जुन्या प्रियकराला कळायचे ते कळते. कोणी एक शब्द बोलत नाही. लुबिच तिथून सुरुवात करतो. व्हिएन्नातले प्राध्यापक श्टॉक (आदोल्फ मेंझू) सकाळी मोजा चढवतात तर त्याला भोक. नवा मोजा शोधायला खण उघडतात तर तिथे ठणठणाट. शेजारचा बायकोचा खण उघडतात तर रेशमी मोज्यांनी ओसंडून वाहतो आहे. लग्नाची सगळी अवस्था दोन खणांत सांगून झाली.

ही बायको मित्झी (मरी प्रेव्होस्ट) आपल्या मैत्रिणीच्या, शार्लोटच्या, डॉक्टर नवऱ्यावर जाळे टाकते. प्राध्यापकांना खिडकीतून ती एका परपुरुषाबरोबर टॅक्सीत बसताना दिसते आणि मेंझूच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दुःख नसते, सुटकेचा आनंद असतो. ते लगोलग गुप्तहेर नेमतात. फसवला गेलेला नवरा खूश होतो, हाच मुळी दुटप्पीपणाच्या पोटात मारलेला गुद्दा आहे, कारण घराण्याची अब्रू वगैरे सगळे सोंग त्या एका स्मितात विरघळते. पुढे डॉक्टर फ्रान्झचा सहकारी गुस्ताफ दवाखान्यात डोकावतो, फ्रान्झच्या गळ्यात पडलेले बायकी हात पाहून त्याला वाटते शार्लोटच आहे. बाहेर येतो तर शार्लोट तिथे बसलेली. तो हादरत नाही, त्याचा चेहरा उजळतो, कारण त्याचाही डोळा तिच्यावर आहे. पार्टीत फ्रान्झ मित्झीला टाळण्यासाठी जेवणाच्या टेबलावरच्या नावांच्या चिठ्ठ्या बदलतो, आणि शार्लोट भलत्याच बाईचा संशय घेऊन त्या पुन्हा बदलून त्याला नेमके मित्झीच्याच शेजारी बसवते.

पण प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो शेवट. त्याच पार्टीच्या रात्री गुस्ताफने शार्लोटचे चुंबन घेतलेले असते आणि नवऱ्याचे प्रकरण उघडकीला आल्यावर ती त्याला ते सांगून टाकते. फ्रान्झ हसतो, त्याचा विश्वासच बसत नाही. नवऱ्याच्या बाबतीत संशय पुरेसा ठरतो, बायकोच्या बाबतीत कबुलीही अपुरी पडते. दुटप्पीपणाची ही बाजू आपण सहसा लक्षात घेत नाही: बायकोला शिक्षा करणारा नवरा निदान तिला पाप करण्याइतके स्वतंत्र मानतो, फ्रान्झ तेवढेही मानत नाही. लुबिच यावर काही भाष्य करत नाही, आणि म्हणूनच ते लागते.

स्वीडनमध्ये तर दिग्दर्शक मॉरिट्झ स्टिलरने 1920 मध्येच हा सगळा पेच सोडून दिला होता. 'एरोटिकॉन'मधला कीटकशास्त्रज्ञ प्राध्यापक भुंगेऱ्यांमधल्या बहुपत्नीकत्वावर व्याख्यान देतो, त्याची बायको एका शिल्पकाराकडे निघून जाते आणि प्राध्यापक आवडीचे जेवण रांधून वाढणाऱ्या पुतणीच्या सहवासात संतुष्ट राहतो. कोणीच कोणाला माफ करत नाही, कारण कोणी दुखावलेच जात नाही. कीस्टोन या अमेरिकन विनोदपट कंपनीच्या, बागेतल्या धावपळीच्या चित्रपटांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. 1914 च्या 'गेटिंग अक्वेंटेड'मध्ये चॅप्लिन आणि मॅक स्वेन एकमेकांच्या बायकांमागे लागतात, पोलीस सगळ्यांच्या मागे लागतो, आणि सगळे समसमान लबाड असल्यामुळे नीतीचा प्रश्न दमून बाकावर बसतो.

मराठी वाचकाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल, त्याला कारण आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या इंग्रजी प्रहसनावरून आले, त्याचे मूळ मोलिएरच्या 1660 च्या प्रहसनात आहे, आणि युरोप-अमेरिकेतल्या मूक विनोदपटांनीही रंगभूमीवरच्या याच प्रहसनाच्या परंपरेवर पोट भरले. फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघेही संशयी आहेत, आणि सगळा घोटाळा एका तसबिरीवरून होतो. पडद्यावर त्या तसबिरीची कॉलर झाली, चिठ्ठी झाली, नाकतोड्याची फिल्म झाली. फरक एवढाच की देवलांकडे संशय खोटा असतो, त्यामुळे क्षमेचा हिशेब नाटकाला मांडावाच लागत नाही.

हे परदेशी चित्रपट आपल्याकडे येत तेव्हा त्यांच्याभोवती आणखी एक दुटप्पीपणा उभा राहिला. 1927 मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय चित्रपट समितीपुढे मुंबईसह अनेक शहरांत साक्षी झाल्या. अशा चित्रपटांतल्या गोऱ्या स्त्रियांचे वर्तन पाहून एतद्देशीयांच्या मनातली गोऱ्या समाजाची प्रतिष्ठा कमी होईल, ही साम्राज्याच्या समर्थकांची चिंता त्या चौकशीमागे होती. गोऱ्या नवऱ्यांच्या पडद्यावरील वर्तनाने ती प्रतिष्ठा ढळेल, अशी काळजी फारशी कोणाला वाटलेली दिसत नाही.

पाहण्याचा क्रम विचारला आहे, तो सांगतो. आधी स्टारेविच, मग चेस, मग लुबिच, आणि डिमिलचे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ. स्टारेविचच्या चित्रपटाच्या निरनिराळ्या भाषांतल्या पाट्या (दृश्यांमध्ये येणारा लिखित मजकूर) असलेल्या प्रती फिरतात आणि काहींच्या पाट्या विनोद जास्तच समजावून सांगतात. शक्य असेल तर एकदा पाट्यांकडे दुर्लक्ष करून पाहावा. प्रतींना जोडलेले संगीत नंतरचे असते, तेही एकदा बंद करून बघायला हरकत नाही. शेवटी लॉरेल आणि हार्डीचा 1928 च्या अखेरचा 'वी फॉ डाउन' ठेवावा. दोघे बायकांना नाटकगृहात जातो म्हणून थाप मारून पत्त्यांच्या डावाला निघतात, वाटेत दोन मुलींच्या घरी अडकतात, ते नाटकगृह नेमके त्याच वेळी जळते, आणि मागच्या खिडकीतून पळताना बायकाच त्यांना पाहतात. घरी येऊन ऑली (म्हणजे हार्डी) न पाहिलेल्या खेळाचे साग्रसंगीत वर्णन करत असतो आणि बायका शांतपणे ऐकून घेतात. मग बंदूक निघते, गल्लीत बार उडतो, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्यांमधून अर्धवट कपड्यांतले पुरुष पटापट उड्या मारू लागतात. एकाही खिडकीतून बाई उडी मारत नाही. तशी एखादी मारली असती तर 1928 च्या प्रेक्षागृहात हशा पिकला असता का, हे तो प्रसंग पाहताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे.